दारावरचा कॅमेरा आणि चेहऱ्याची ओळख

घरांतील माणसाला आल्यागेल्याची ओळख पटते ती केवळ चेहऱ्यावरून नव्हे. जिन्यावरची पावलें, आवाजाची धाटणी, येण्याची वेळ, हातांतली पिशवी, या सर्वांची साक्ष मन एकाच क्षणीं घेतें. शहरांतील घरांच्या दारावर अलीकडे जो ओळख पटविणारा कॅमेरा बसविण्यांत येतो, त्याच्याजवळ मात्र चेहरा हा एकच पुरावा असतो. तो अंधुक मिळाला कीं निर्णयहि अंधुक होतो. म्हणून ही ओळख अधिक बिनचूक व्हावी असें ज्यास वाटतें, त्यानें नव्या यंत्राच्या खरेदीचा विचार करण्यापूर्वीं, असलेल्या यंत्रापुढें चेहरा कसा येतो हें पाहावें.

यंत्राचें काम दोन टप्प्यांत चालतें. चित्रांत चेहरा कोठें आहे हें शोधणें हा पहिला टप्पा. पॉल व्हायोला व मायकेल जोन्स यांनीं २००१ सालीं यासाठीं शीघ्र रीत दाखविली. तो चेहरा कोणाचा हें ठरविणें हा दुसरा टप्पा. त्यासाठीं चेहऱ्याचें रूपांतर आंकड्यांच्या मालिकेंत करतात. गूगलच्या संशोधकांनीं २०१५ सालीं मांडलेल्या 'फेसनेट' पद्धतींत प्रत्येक चेहऱ्याचे असे १२८ आंकडे होत. एकाच माणसाच्या दोन चित्रांचे आंकडे जवळजवळ यावेत, निराळ्या माणसांचे दूर पडावेत, अशी त्या यंत्राची तालीम झालेली असते. हें अंतर मोजूनच 'हा घरचा' कीं 'हा परका' हें ठरतें.

आतां चेहऱ्यावर पिक्सेल, म्हणजे चित्रबिंदू, किती पडतात हा पहिला हिशेब. अनोळखी माणसाची ओळख निश्चित करण्यासाठीं दर मीटर रुंदीस २५० बिंदू असावेत, असें पहाऱ्याच्या कॅमेऱ्यांविषयींच्या २०१५ सालच्या युरोपीय मानकानें सांगितलें होतें. चेहऱ्याची रुंदी सुमारें १६ सेंटिमीटर धरली तर त्याच्या वांट्यास ४० बिंदू येतात. १,९२० बिंदू रुंद चित्र देणारा व १०० अंशांचा पसारा टिपणारा कॅमेरा तीन मीटरांवर सुमारें सात मीटर रुंदीचा देखावा घेतो. म्हणजे तेथें ही अट जेमतेम पुरी होते. माणूस सहा मीटरांवर असला कीं बिंदू निम्म्यावर येतात. सारें आंगण दिसावें आणि प्रत्येक चेहराहि ओळखावा, ही अपेक्षा एकाच भिंगाकडून पुरी होत नाहीं.

दुसरी गोष्ट उंचीची. चोराचा हात पोंचूं नये म्हणून कॅमेरा छताशीं लावतात. तो २.७ मीटर उंचीवर असला आणि १.६ मीटर उंचीवर चेहरा असलेला माणूस एक मीटरावर उभा राहिला, तर यंत्र त्याच्याकडे जवळजवळ ४८ अंशांच्या कलानें पाहतें. त्यास केस व कपाळ दिसतें, चेहरा नव्हे. तोच कॅमेरा १.९ मीटरांवर उतरविला कीं हा कल सुमारें १७ अंशांवर येतो.

तिसरी गोष्ट प्रकाशाची. अंधाऱ्या जिन्यांतून उजेडाकडे तोंड करून बसविलेल्या कॅमेऱ्यास माणसाची केवळ काळी आकृति दिसते. रात्रीं अवरक्त किरणांवर काढलेलें करडें चित्र दिवसाच्या रंगीत नमुन्याशीं नीट जुळत नाहीं, आणि अपुऱ्या उजेडांत चालणाऱ्याचा चेहरा फरफटल्यासारखा उमटतो. दारावर एक साधा दिवा लावणें हा यावरचा स्वस्त आणि उत्तम उपाय होय. भिंगावरील कोळिष्टक आणि पावसाचे थेंबहि वेळोवेळीं पुसावेत.

नमुन्याचीं चित्रें लग्नाच्या अल्बमांतून घेऊं नयेत. तीं त्याच कॅमेऱ्यानें, त्याच दारांत काढलेलीं असावींत: चष्म्यासह व चष्म्याविना, दिवसाचीं आणि रात्रीचीं. चुकीच्या नांवाखालीं गेलेलें एकहि चित्र पुढील चुकांचें बीज ठरतें. तें काढून टाकावें. वाढत्या मुलांचे नमुने वरचेवर बदलावेत. हेल्मेट किंवा तोंडावर बांधलेली ओढणी यांपुढें मात्र उपाय थोडे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें २०२० सालीं चित्रांतील चेहऱ्यांवर मुखपट्ट्या रेखून ८९ पद्धतींची परीक्षा घेतली, तेव्हां चुकांचें प्रमाण ५ ते ५० टक्के आढळलें.

एवढें करूनहि दोन चुका उरतात: घरच्यास परका म्हणणें आणि परक्यास घरचा म्हणणें. जुळणीची अट कडक केली कीं पहिली वाढते, सैल केली कीं दुसरी. समजा, घरांत पांच माणसें आहेत आणि परका चेहरा त्यांपैकीं एकाशीं चुकून जुळण्याचा संभव हजारांत दोन आहे. पांचांशीं ताडतां तो शेंकडा सुमारें एक होतो. दारावरून रोज पन्नास परके गेले तर दर दोन दिवसांस एक चूक ठरलेलीच. यासाठीं एकाच चित्रावर विसंबूं नये. लागोपाठच्या तीन-चार चित्रांनीं एकच साक्ष दिली तरच ती मानावी, आणि 'निश्चित नाहीं' असें उत्तर देण्याची मुभा यंत्रास ठेवावी.

या चुका सर्वांच्या वांट्यास सारख्या येत नाहींत. वरील संस्थेच्याच २०१९ च्या पाहणींत, पुष्कळ पद्धतींमध्यें आशियाई व आफ्रिकी-अमेरिकी चेहऱ्यांची खोटी जुळणी गोऱ्या चेहऱ्यांच्या मानानें दहा ते शंभर पट अधिक आढळली. आशियांत तयार झालेल्या कांहीं पद्धतींत आशियाई आणि गोरे यांच्यांतील हा फरक तितका दिसला नाहीं. ज्या चेहऱ्यांवर तालीम, त्यांचीच ओळख चांगली, हा यांतील बोध.

म्हणून अशा यंत्राच्या शब्दावर दाराचें कुलूप उघडूं देऊं नये, आणि त्यानें 'अनोळखी' म्हटलें एवढ्यावरून धुणेंभांडीं करणाऱ्या बाईवर किंवा टपालवाल्यावर संशयहि घेऊं नये. कॅमेरा आहे हें त्यांस आधीं सांगावें, आणि त्याची दृष्टि शेजाऱ्याच्या दारावर जाणार नाहीं अशी योजना करावी. यंत्रानें हांक द्यावी. दार उघडावयाचें कीं नाहीं हें घरच्या माणसानें स्वतः पाहून ठरवावें. यंत्र कितीहि सुधारलें तरी त्याच्या चुकीचा भार दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसास सोसावा लागतो, आणि त्याची बाजू मांडावयास तेथें दुसरें कोणी नसतें.