ब्राउझरची पाहणी आणि माणसाचा खासगीपणा

(व्याख्यानाचा मजकूर)



लोकांकडे जाऊन त्यांच्या जीवनाची माहिती गोळा करावी आणि तीवरून समाजाचे चित्र उभे करावे, ही गोष्ट सातारा-सांगलीच्या मुलखाला नवी नाही. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणी केली. ती १९४० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. फलटण आणि त्याच्या आसपासचा परिसर यांचा इरावती कर्वे व जयंत रणदिवे यांनी केलेला अभ्यास १९६५ साली डेक्कन कॉलेजने प्रकाशित केला. अशा पाहण्यांत अन्वेषक ओट्यावर येऊन बसे, वहीत पाहून प्रश्न विचारी, आणि ज्याला उत्तर द्यावयाचे नसेल तो गृहस्थ सुपारी कातरता कातरता पावसापाण्याचा विषय काढी. कर्जाचा आकडा सांगावयाचा की नाही, हे तो स्वतः ठरवीत असे. त्याचे हे मौन म्हणजेच त्याचा खासगीपणा होता, आणि तो राखण्यासाठी त्याला कोणत्याही कायद्याचे कलम पाठ असण्याची आवश्यकता नव्हती.

आज पाहणीची एक नवी रीत रूढ झाली आहे. संगणकावर किंवा मोबाईलवर संकेतस्थळे पाहण्यासाठी जे साधन वापरले जाते, त्याला ब्राउझर म्हणतात. या ब्राउझरलाच एक छोटी पुरवणी जोडून, लोक इंटरनेटवर कोठे जातात, किती वेळ थांबतात आणि तेथून पुढे कोठे वळतात, याची नोंद अभ्यासकांकडे पाठविता येते. या पाहणीत अन्वेषक ओट्यावर येत नाही. प्रश्न विचारला जात नाही, त्यामुळे विषय बदलण्याची सोयही उरत नाही. म्हणूनच अशा अभ्यासाला हात घालण्यापूर्वी त्याची खासगीपणाच्या दृष्टीने छाननी व्हावी, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

असे अभ्यास निरुपयोगी आहेत, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. सातबाराचा उतारा पाहण्यासाठी आलेला शेतकरी कोणत्या पायरीवर कंटाळून परत फिरतो, शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी विद्यार्थिनी कोठे अडते, हे कळले तर शासनाची संकेतस्थळे सुधारता येतील. प्रश्न आहे तो एवढाच की, हे कळण्यासाठी त्या शेतकऱ्याने किंवा त्या विद्यार्थिनीने दिवसभरात आणखी काय काय पाहिले, हे जाणून घेण्याची खरोखर गरज आहे काय?

ब्राउझरच्या नोंदीत काय असते, हे येथे थोडे विस्ताराने सांगणे अवश्य आहे. पानाचा पत्ता, त्याचे शीर्षक, उघडल्याची वेळ आणि आधी कोणते पान पाहिले होते, एवढ्या गोष्टी तीत सहज येतात. हे वरवर निरुपद्रवी दिसते. परंतु शोधासाठी लिहिलेले शब्द पुष्कळदा पानाच्या पत्त्यातच उमटतात. रात्री दोन वाजता कोणी एखाद्या दुखण्याची लक्षणे शोधली, दुसऱ्या दिवशी मिरजेच्या रुग्णालयांची माहिती पाहिली आणि त्याच आठवड्यात सोने तारण कर्जाचे व्याजदर वाचले, तर त्या घरावर काय प्रसंग गुदरला आहे हे सांगण्यास आणखी कोणत्या साक्षीदाराची गरज राहते?

यावर अभ्यासकांचे ठराविक उत्तर असते : ‘आम्ही नावे काढून टाकतो.’ हे उत्तर प्रामाणिक असते; पण ते पुरेसे नाही. अमेरिकेतील एओएल या कंपनीने ऑगस्ट २००६ मध्ये संशोधकांच्या उपयोगासाठी सुमारे साडेसहा लाख ग्राहकांच्या तीन महिन्यांच्या शोधनोंदी प्रसिद्ध केल्या. नावांच्या जागी केवळ क्रमांक घातलेले होते. काही दिवसांतच न्यूयॉर्क टाइम्सच्या वार्ताहरांनी त्यांतील ४४१७७४९ या क्रमांकामागची ६२ वर्षांची विधवा स्त्री तिच्या गावी जाऊन शोधून काढली. तिने आपल्या गावातील बागकाम करणाऱ्यांचा, आपल्याच आडनावाच्या माणसांचा आणि काही आजारांचा शोध घेतला होता. तेवढा धागा पुरला. कंपनीने नोंदी मागे घेतल्या, दिलगिरी व्यक्त केली. परंतु तोवर त्यांच्या प्रती जगभर पोहोचल्या होत्या. सुटलेली माहिती परत पोत्यात भरता येत नाही.

पुढे फ्रान्समधील संशोधकांनी २०१२ साली ३,६८,२८४ जणांच्या भ्रमंतीच्या नोंदी तपासल्या. त्यांतील ६९ टक्के नोंदी अशा निघाल्या की, तशी दुसरी नोंद त्या साऱ्या संग्रहात नव्हती. फायरफॉक्स हा ब्राउझर बनविणाऱ्या मोझिला संस्थेच्या संशोधकांनी हाच प्रयोग पुन्हा केला आणि २०२० साली त्याचे निष्कर्ष मांडले. संमती देणाऱ्या सुमारे ५२ हजार जणांकडून माहिती घेऊन तयार झालेल्या ४८,९१९ नोंदींपैकी ९९ टक्के एकमेव ठरल्या. पानांचे पूर्ण पत्ते न घेता केवळ संकेतस्थळांची नावे घेऊनही हे घडले, ही लक्षात ठेवण्यासारखी बाब आहे. बोटांच्या ठशांप्रमाणे माणसाच्या भ्रमंतीचाही ठसा असतो, असेच यावरून म्हणावे लागते.

हे आकडे दूरच्या देशांतले म्हणून बाजूला सारता येणार नाहीत. उलट, लहान गावात माणूस अधिक लवकर ओळखू येतो. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या अवर्षणग्रस्त तालुक्यांतील अनेक कुटुंबे सोने-चांदी गाळण्याच्या व्यवसायासाठी देशभर पसरली आहेत. विटे-आटपाडीकडे त्यांना गलाई बांधव म्हणतात. आता कल्पना करावी की, दक्षिणेतील एखाद्या शहरातून आलेल्या निनावी नोंदीत दररोज सोन्याचा भाव, आटपाडीचे डाळिंबाचे दर, विट्याकडे जाणाऱ्या गाड्यांचे वेळापत्रक आणि गावाकडच्या एखाद्या शाळेचा निकाल एवढ्या गोष्टी आहेत. त्या शहरात या भागातील गलाई कुटुंबे असून असून किती असणार? अभ्यासकाला तो माणूस कदाचित ओळखू येणार नाही. पण ती नोंद त्याच्या गावच्या कोणाही माणसाच्या हाती पडली, तर पहिली ओळ वाचताच तो नाव सांगेल.

अनेकांच्या नोंदींची बेरीज केली म्हणजे धोका टळतो, अशीही एक समजूत आहे. स्ट्राव्हा या व्यायामाची नोंद ठेवणाऱ्या कंपनीने २०१७ च्या नोव्हेंबरात आपल्या ग्राहकांच्या धावण्या-चालण्याच्या मार्गांचा एकत्रित जागतिक नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एकाही व्यक्तीचे नाव नव्हते. तरीही जानेवारी २०१८ मध्ये असे दिसून आले की, निर्जन प्रदेशातील लष्करी तळांच्या आतील वाटा त्या नकाशावर उजळून निघाल्या आहेत. कारण तेथे धावणारे फक्त सैनिकच होते. ज्या सातारा जिल्ह्यात अपशिंगे गावाच्या नावालाच ‘मिलिटरी’ हा शब्द चिकटला आहे, तेथील श्रोत्यांना या घटनेचे मर्म वेगळे समजावून सांगावयास नको. घरातील माणसे सीमेवरच्या आप्ताची चौकशी मोबाईलवरच करीत असतात.

आणि तो मोबाईल तरी एकाचा कोठे असतो? संमतिपत्रावर अंगठा उमटवितो तो घरातील कर्ता पुरुष. परंतु त्याच मोबाईलवर सून आपल्या प्रकृतीविषयी वाचते, मुलगा अभ्यास करतो आणि म्हातारे वडील कीर्तन ऐकतात. एकाच्या संमतीने चौघांची माहिती जाते. पाश्चात्त्य पद्धतीच्या संमतिपत्रांत एक माणूस आणि एक यंत्र असे गृहीत धरलेले असते. इकडच्या घरांना ते लागू पडत नाही. छाननी करणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वप्रथम विचारावयास हवा, आणि नेमका तोच बहुधा विचारला जात नाही.

माहिती फुटल्याने माणसाचे काय होते, याचा अनुभव सांगलीला आहे. १९९२ साली सांगलीत ‘संग्राम’ या संस्थेने एचआयव्हीच्या प्रश्नावर वेश्याव्यवसायातील स्त्रियांमध्ये काम सुरू केले आणि १९९६ साली या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. त्या काळी या आजाराचे नाव नुसते बाहेर फुटले तरी राहते घर, नोकरी आणि नातीगोती हातची जाण्याची भीती असे. औषधापेक्षा गुप्ततेची चिंता मोठी होती. पुढे २०१७ सालच्या एचआयव्हीविषयक कायद्याने रुग्णाच्या माहितीपूर्ण संमतीवाचून त्याची स्थिती उघड करण्यास सामान्यतः मनाई केली. मात्र दवाखान्याच्या कपाटात जे गुपित कुलूपबंद आहे, तेच ब्राउझरच्या नोंदीत उघडे पडू शकते. औषधाचे नाव शोधणाऱ्याने रोगाचे नाव सांगितल्यासारखेच असते.

मग छाननी करावयाची ती कशी? मोझिलाच्याच ‘टेस्ट पायलट’ या उपक्रमाचा दाखला येथे उपयोगी पडेल. २००९-१० च्या सुमारास या उपक्रमात ‘ब्राउझरच्या जीवनातील एक आठवडा’ अशा अर्थाच्या नावाची एक पाहणी झाली. लोक किती खिडक्या उघडतात, किती खुणा जतन करून ठेवतात, हे तीत मोजले गेले. कोणती पाने पाहिली, हे घेतलेच नाही. शिवाय गोळा झालेली माहिती पाठविण्यापूर्वी सहभागी व्यक्तीला ती स्वतः पाहता येई आणि वाटल्यास न पाठविण्याचा निर्णय घेता येई. ओट्यावरच्या शेतकऱ्याचे मौन या रीतीने ब्राउझरच्या पाहणीतही शाबूत राहिले. छाननीतील मुख्य प्रश्न हाच : अमुक माहिती सुरक्षित कशी ठेवणार, हे नंतर विचारावे, आधी, ती घेतल्यावाचून काम अडते काय, हे विचारावे. पूर्ण पत्त्याऐवजी संकेतस्थळाचा प्रकार पुरतो काय? मिनिटाच्या नोंदीऐवजी दिवसाची चालते काय? गावाऐवजी जिल्हा लिहिला तर काय बिघडते? बँक, दवाखाना आणि पत्रव्यवहार यांची पाने पहिल्यापासूनच वगळता येतात. माहिती कोणाच्या संगणकावर राहणार आणि ती कोणत्या तारखेला नष्ट होणार, हेही आधीच लिहून घ्यावे लागते. कारण प्रबंध पूर्ण झाला, पदवी मिळाली, तरी पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात तसाच पडून असतो.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. त्यानंतर २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा संमत केला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य तरतुदींच्या अंमलासाठी १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला. या कायद्यानुसार संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि निःसंदिग्ध असावी लागते, आणि जितक्या सुलभतेने ती दिली तितक्याच सुलभतेने मागे घेता आली पाहिजे. संमतीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, पाहण्याची सोय हा नागरिकाचा अधिकार ठरला आहे. १८ वर्षांखालील व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने बालक होय. तिच्या वागणुकीवर पाळत ठेवण्यास कायद्याने सर्वसाधारणपणे प्रतिबंध केला आहे. अकरावी-बारावीचे वर्ग ज्या महाविद्यालयांना जोडलेले आहेत, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. संशोधन व सांख्यिकी यांना कायद्याने सवलत दिली आहे हे खरे. पण तिला अटी आहेत. त्या माहितीच्या आधारे एखाद्या विशिष्ट व्यक्तीबाबत निर्णय घेतला जाऊ नये आणि विहित मानके पाळली जावीत. ‘संशोधन’ एवढा शब्द उच्चारला की सर्व दरवाजे उघडतात, असे नाही.

वैद्यकीय संशोधनापुरती अशा छाननीची घडी आपल्या देशात बसलेली आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नीतिसमितीत डॉक्टर व विधिज्ञ यांच्याबरोबरच एक सामान्य नागरिकही सदस्य असावा लागतो. संगणकशास्त्र, वाणिज्य वा समाजशास्त्र विभागातून ब्राउझरच्या पाहणीचा प्रस्ताव आला, तर सातारा-सांगलीतील महाविद्यालयांना हाच पायंडा उचलता येईल. या समितीत गावातील एखादी अंगणवाडी सेविका किंवा निवृत्त पोस्टमन बसवावा. संमतिपत्राचा मराठी मसुदा प्रथम त्यांच्या हाती द्यावा आणि, ‘यात तुमच्याकडून काय घेतले जात आहे?’ असे विचारावे. त्यांना ते सांगता आले नाही, तर मसुदा विभागाकडे परत जावा आणि पाहणी तोवर थांबावी.