वावरातली खोपडी आणि गिरिस्थानाचा बंगला

(वडनेर, तालुका हिंगणघाट येथे कापूस-ज्वारी उत्पादकांच्या बैठकीत झालेले भाषण)



कापसाचा भाव बाजूला ठेवून आज हा माणूस सहलीवर बोलायला उभा राहिला, म्हणून मागची मंडळी हसताहेत. हसा. पण दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस या हमरस्त्यावर उभे राहा आणि नागपूर-हैदराबादच्या गाड्या मोजा. त्या गाडीतला माणूस कुठेतरी जाऊन उतरतो, दोन दिवस राहतो, खातो, जंगल-डोंगर बघतो आणि पैसे टाकून परत जातो. ते पैसे कोणाच्या खिशात पडतात, एवढाच आजचा विषय आहे. हा विषय अर्थशास्त्राचा आहे, चैनीचा नाही.

आपल्या विदर्भात डोंगर म्हटला की चिखलदरा. सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंच. शेजारी गाविलगडाचा किल्ला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तो भोसल्यांच्या हातून घेतला. त्यानंतर वीस वर्षांनी कोणा इंग्रज कप्तानाने चिखलदरा 'शोधून काढले' असे लिहून ठेवलेले आहे. कोरकू मंडळी तिथे पिढ्यान् पिढ्या राहत होती, पण त्यांनी शोधल्याची नोंद कोण करणार? साहेबांनी उन्हाळ्यासाठी बंगले बांधले, कॉफी लावली. विदर्भात कॉफीचे झाड पाहायचे तर आजही तिथेच जावे लागते.

पुढे १९७३-७४ साली मेळघाट व्याघ्र प्रकल्प झाला, देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. सेमाडोहला, कोलकासला सिपना नदीच्या काठी वनखात्याची विश्रामगृहे आहेत. शहरातला माणूस तिथे जाऊन काय करतो? पहाटे उठून जंगलात फिरतो. पावसाळ्यात धुके बघतो. भाजलेले मक्याचे कणीस खातो. लाकडाच्या, बांबूच्या लहानशा घरात रात्र काढतो आणि किड्यांचा आवाज ऐकून म्हणतो, वा, काय शांतता! आपण जागलीला जातो तेव्हा हाच आवाज असतो. फरक एवढाच की तो त्या आवाजाचे पैसे देतो आणि आपण डुकराच्या मागे टॉर्च घेऊन पळतो.

यात कडू गोष्ट अशी की त्याच मेळघाटातली कोहा, कुंड, बोरी ही गावे जंगलातून उठवून बाहेर आणली गेली. शाळा-दवाखान्यासाठी काहींना बाहेर यायचेही होते, ते मी नाकारत नाही. पण जंगलाचा माणूस बाहेर आणि पाहुणा आत, हा हिशेब लक्षात ठेवा. जिथे स्थानिकांच्या हातात काही राहिले तिथे चित्र वेगळे आहे. चिखलदऱ्याजवळ मोथा आणि आसपासच्या गावांत शेतकरी स्ट्रॉबेरी घेतात आणि ती पाहुण्यांना विकतात. ताडोब्याच्या बफरमध्ये आगरझरीला फुलपाखरांची बाग आणि पाण्यातल्या होड्या गावची समिती चालवते. त्याच ताडोब्याच्या फाटकांपाशी ज्यांनी रस्त्याकडेची जमीन विकून टाकली, त्यांच्या वावरात दुसऱ्याचे रिसॉर्ट उभे आहे आणि मालकाचा पोरगा तिथे गाडी धुतो. जमीन विकणारा मूर्ख नव्हता. कापसात पैसा उरला असता तर त्याने ती विकली नसती.

आता पुण्याकडे चला. १९९६ साली राज्य सरकारने नव्या गिरिस्थानांसाठी खास नियमावली केली. २००१ साली मुळशी आणि तेव्हाच्या वेल्हे तालुक्यातली अठरा गावे गिरिस्थान म्हणून जाहीर झाली. वरसगाव धरणाच्या कडेला लवासा नावाचे शहर उभे राहू लागले. आता तुम्ही-आम्ही कायद्याने कसे बांधलेले आहोत ते आठवा. सीलिंगचा कायदा १९६१ चा, कोरडवाहू ५४ एकरांच्या वर धरता येत नाही. विदर्भाचा कुळकायदा १९५८ चा, शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. वावरात धंद्यासाठी चार भिंती घालायच्या तर जमीन महसूल संहितेप्रमाणे बिगरशेतीची परवानगी काढा. शेतकऱ्याच्या हितासाठी म्हणून हे सारे सांगितले गेले. पण डोंगर विकत घेणारा मोठा आला की त्याच कायद्यांतून वाट निघते. तुमच्यासाठी कुंपण, त्याच्यासाठी फाटक.

तिथे पुढे काय झाले? नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवायची नोटीस दिली, वर्षभराने अटी घालून मंजुरी दिली, आणि २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या न्यायालयात पोचली. बंगले घेणाऱ्यांचे पैसे अडकले, बँकांचे अडकले. त्यांची चर्चा वर्तमानपत्रांत भरपूर झाली. डोंगरउतारावर नाचणी पेरणाऱ्याची जमीन गेली, त्याच्यावर किती रकाने आले ते तुम्हीच शोधा.

दुसरा रस्ताही महाराष्ट्रातलाच आहे. अकोले तालुक्यात पुरुषवाडी म्हणून महादेव कोळ्यांचे गाव आहे. मे-जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या तोंडावर, तिथल्या झाडांवर काजवे लाखांनी चमकतात. ते पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. तंबूत नाहीतर गावातल्या घरांत राहतात. जेवण गावकऱ्यांच्या चुलीवरचे. वाट दाखवणारा गावचा, रांधणारी गावची, जमीन गावचीच. महाबळेश्वर-पाचगणीच्या मधल्या भिलारला २०१७ साली पुस्तकांचे गाव केले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्यांच्याच घरांत पुस्तके ठेवली, माणसे वाचायला येतात आणि तिथेच मुक्काम करतात. बारामतीकडे २००५ पासून शेतावरच्या पर्यटनाची सुरुवात झाली, बैलगाडीत बसवायचे, ऊस खायला घालायचा, चुलीवरचे वाढायचे. आमच्यातले काही जुने कार्यकर्ते याला नाटक म्हणतात. मला तसे वाटत नाही. जो माल पिकवतो त्याने त्याचा ग्राहक थेट बांधावर आणला, मधला दलाल गेला. व्यापार म्हणतात तो हाच.

तुम्ही म्हणाल, वडनेरला डोंगर कुठे आहे? खरे आहे, नाही. काळी जमीन, सपाट, आणि मे महिन्यात ४५ अंशांचे ऊन. उन्हाळ्यात इथे कोणी राहायला येईल असे कोणी सांगत असेल तर त्याला सरळ परत पाठवा. पण आपल्याच जिल्ह्यात सेलू तालुक्यात बोर आहे. १९७० चे अभयारण्य, २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प, क्षेत्र अवघे १३८ चौरस किलोमीटर, पण धरणाचे पाणी आणि सागाचे जंगल. आणि सेवाग्राम? जगभरातले लोक तिथे येऊन काय पाहतात? माती, बांबू आणि कवेलूचे एक घर. १९३६ साली गांधीजी त्या गावात आले आणि इथल्याच मालात घरे उभी राहिली. वऱ्हाडी माणसाच्या घराला पाहुणा येत नाही असे कोण म्हणतो? तसल्याच मातीच्या भिंती पाडून आपण टिनाची शेडे घातली, ज्यात दुपारी माणूस भाजून निघतो.

आपल्याकडे डोंगर नाही, पण ज्वारी आहे. म्हणजे होती. सोयाबीन आले, मजूर महागला, रोही आणि डुकरांनी कणसे खाल्ली, आणि ज्वारी वावरातून गेली. त्या ज्वारीचा २०२५-२६ चा हमीभाव संकरित वाणाला क्विंटलमागे ३,६९९ रुपये. म्हणजे किलोला ३७ रुपये, आणि तोही सरकारी कागदावर. तीच ज्वारी पंधरा-वीस दिवस आधी, दाणा दुधातून चिकात आला की, गोवऱ्यांच्या आगटीत भाजून हातावर चोळून द्या. पुण्या-संभाजीनगरकडे शहरातली कुटुंबे त्या हुरड्यासाठी माणशी शेकडो रुपये मोजतात. हुरड्यासाठी वाणही वेगळे निघाले आहेत. अकोल्याच्या विद्यापीठाचा कार्तिकी, राहुरीचा फुले मधुर, परभणीचा वसंत. दाणा गोड आणि कणसातून लवकर सुटणारा. आपली खरिपाची ज्वारी दिवाळीच्या आसपास हुरड्याला येते, रब्बीची संक्रांतीच्या. सोबत रोडगे, वांग्याची भाजी, लसणाचे तिखट, बोरे. नागपूर काही फार लांब नाही, आणि तिथल्या फ्लॅटमधल्या पोराने आगटी पाहिलेली नाही.

पण आपली चळवळ उत्पादनखर्चाची आहे, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय कोणी नाचू नये. कापसाचा खर्च काढायला आपण शिकलो, पाहुण्याच्या ताटाचाही काढू. धरून चाला की एका रविवारी २० माणसे आली, माणशी ३०० रुपये. जमा ६,०००. रांधायला, वाढायला, भांडी घासायला चार बाया, प्रत्येकीला ३०० धरून १,२००. घरची बाई आहे म्हणून तिची मजुरी शून्य धरायची नाही. सरकार कापसाचा खर्च काढताना तुमचे श्रम कमी धरते म्हणून आपण ओरडतो, तेच आपण घरात करायचे काय? किराणा, दही, भाजी, तेल १,५००. हुरड्याची ज्वारी ५००. गोवऱ्या, प्यायचे पाणी, सफाई ५००. आगटीवर आणि बंडीवर दोन गडी, ६००. एकूण ४,३००. उरले १,७००. हंगामात असे आठ रविवार मिळाले तर १३,६००.

आता सावलीचा मांडव, हात धुवायची जागा आणि दोन स्वच्छ संडास. संडासाशिवाय हा धंदा सुरूच होत नाही, शहरातली बाई दुसऱ्यांदा येणार नाही. याला ८०,००० लागले आणि पाच वर्षांत फेडायचे म्हटले, तर व्याज न धरताही वर्षाला १६,०००. म्हणजे आठ रविवारांत तुम्ही २,४०० रुपयांनी बुडालात. ताटाचा भाव ४०० घेतला तर रविवारी ३,७०० उरतात, आठांचे २९,६००, आणि खर्च जाऊन १३,६०० हातात. शंभर रुपयांवर सारा खेळ आहे. म्हणून एकदम सगळे वावर हुरड्याला घालू नका. दहा-दहा दिवसांच्या अंतराने चार-पाच ओळींचे तुकडे पेरा, म्हणजे हुरडा महिनाभर पुरेल. उरले ते कणीस पिकू द्या, कडबा बैलाला आहेच.

मुक्कामाचे पुढचे पाऊल. वावरातली आपली खोपडी, तुराट्यांचा कूड, शेणामातीने लिंपलेला, वर गवताचे छप्पर, हिवाळ्यात दोन रात्रींना पाहुण्याला पुरते. त्यासाठी सिमेंटच्या खोल्या बांधून कर्ज काढणाऱ्याला मी हात जोडून सांगतो, थांबा. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याने कृषी पर्यटनाचे धोरण आणले. वैयक्तिक शेतकऱ्याला किमान एक एकर जमीन असली की पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी मागता येते, आठ खोल्यांपर्यंत मुभा आहे. विभागाचे कार्यालय नागपूरला आहे. कागद आधी वाचा, मग गवंडी बोलवा. नोंदणी सातबारावरच्या नावाने होणार. चूल ज्या बाईच्या जिवावर चालणार तिचे नाव सातबारावर आहे का, तेही याच निमित्ताने बघा.

दारू, गाण्याचे भोंगे आणि वावरात गाड्या घालणे, याला पहिल्या दिवसापासून नाही म्हणायचे. फवारणी झालेल्या पऱ्हाटीत पाहुण्याची लेकरे सोडायची नाहीत, फवारणीनंतर किती दिवस झाले ते घरात लिहून ठेवा. विहिरीला कठडा नसेल तर पाहुणा बोलवूच नका. आणि कोणी सुटाबुटातला येऊन म्हणाला की जमीन द्या, आम्ही तुमच्यासाठी पर्यटन उभे करतो, तर त्याला लवाशाचे नाव सांगून चहा पाजा. भाड्याने वापरायला द्यायची तर करार लेखी, मुदत थोडी, आणि विक्रीचा शब्द कुठे लपलेला नाही ना ते वकिलाकडून वाचून घ्या.

हा उद्योग कापसाला भाव मिळवून देणार नाही, हेही स्पष्ट सांगतो. गावातल्या पाच-सात घरांना जमेल, सगळ्यांना नाही. दोनशे घरांनी एकाच रविवारी आगटी पेटवली तर हुरड्याचेही कापसासारखेच होईल. म्हणून यंदा गावात फक्त तीन वावरे निवडावीत असे मला वाटते. विहिरीला कठडा, सडकेपासून बंडीची वाट आणि एखादे मोठे चिंचेचे किंवा आंब्याचे झाड असलेली. त्या तिघांनी एक महिना चालवून खर्चाची वही पुढच्या बैठकीत सगळ्यांपुढे ठेवावी. ज्यांना यात यायचे आहे त्यांनी चहा झाल्यावर थांबावे. सातबारा आणला असेल तर आजच बघू, नसेल तर बुधवारच्या आत द्यावा. बायांनी वेगळे बसायचे ठरवले आहे, त्यांच्या ताटाच्या भावाचा आकडा आधी येऊ द्या, मग आपण बोलू.