दाराबाहेरचे श्रोते



औंढ्याच्या नागनाथासमोर कीर्तनास मज्जाव झाला तेव्हा नामदेवराय देवळामागे जाऊन उभे राहिले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा ज्या मुलखात लेकरे आजीच्या मांडीवर ऐकतात, तेथे गायनवादनाचा आणि लोकसेवेचा संबंध काय, हा प्रश्न कोणास परका वाटू नये. तरीही आज मी एका परदेशस्थ वादकाचे चरित्र आपणांपुढे मांडणार आहे. गजाननबुवा जोशी, श्रीधर पार्सेकर, वि. गो. जोग आणि दा. के. दातार यांनी मांडी घालून, व्हायोलिनचे टोक पावलावर टेकवून त्या विलायती वाद्यातून आपली गायकी काढली. वाद्य असे आपले झाले असता, त्याच वाद्याच्या बळावर जगाशी सत्याचा व्यवहार करणारा येहुदी मेन्युहिनही आपलाच मानावयास हवा.

१९१६ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या या ज्यू वादकास बालवयातच दिगंत कीर्ती लाभली होती. महायुद्धात त्यांनी सैनिकांसाठी पाचशेहून अधिक कार्यक्रम केले. पण १९४५ च्या जुलै महिन्यात, बेंजामिन ब्रिटन या संगीतकारास पियानोच्या साथीला घेऊन, बेल्सेनच्या छळछावणीतून वाचलेल्या जीवांपुढे ते उभे राहिले, तो प्रसंग मला सर्वांत मोठा वाटतो. समोरच्या स्त्रीपुरुषांच्या अंगावर लष्करी कांबळ्यांची वस्त्रे होती, आणि ती त्यांच्यातल्याच कुशल शिंप्यांनी बेतून शिवली होती. नामदेवांच्या शिंपी कुळाचा अभिमान वाहणाऱ्या आपणां मंडळींस त्या वस्त्रांचे मोल मी काय सांगावे!

मेन्युहिन यांनी सेवा केली, त्याचप्रमाणे वेळप्रसंगी रोषही पत्करला. १९४७ मध्ये बर्लिन येथे नाझी काळात जर्मनीत कार्यरत राहिलेल्या फुर्टवेंग्लर या संगीतसंचालकाबरोबर त्यांनी वादन केले, तेव्हा ज्यू समाजातून प्रखर निषेध झाला. ज्यांची घरेदारे नाझी राजवटीने बेचिराख केली त्यांचा संताप मला गैरवाजवी वाटत नाही. तथापि सूडाची परंपरा कोठेतरी खंडित व्हावी ही वादकाची तळमळही खरी होती. १९५० साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेत कृष्णवर्णीयांच्या वस्तीत जाऊन ते वाजवून आले. पुढे १९९१ मध्ये इस्रायलच्या संसदभवनात वुल्फ पुरस्कार स्वीकारताना, व्याप्त प्रदेशातील त्याच राष्ट्राच्या राजनीतीवर त्यांनी उघड टीका केली. सत्कारप्रसंगी यजमानास अप्रिय सत्य ऐकवणे हे भल्याभल्यांस साधत नाही.

१९५२ साली पंडित नेहरूंच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि येथल्या कार्यक्रमांची बिदागी त्यांनी दुष्काळनिधीस दिली.  दुष्काळाचा अर्थ मराठवाड्यास समजावून सांगावा लागत नाही.

आता माझ्या मुख्य म्हणण्याकडे येतो. १९७७ मध्ये मेन्युहिन यांनी इंग्लंडात ‘लाइव्ह म्युझिक नाऊ’ ही संस्था स्थापिली. तिच्या वतीने तरुण वादक-गायक रुग्णालये, वृद्धाश्रम, कारागृहे आणि विशेष मुलांच्या शाळा येथे जातात, आणि त्याबद्दल त्यांना रीतसर मानधन मिळते. सेवेच्या नावाखाली कलावंतास फुकट राबवून घेण्याची आपल्याकडील रीत मला मुळीच मान्य नाही. उपाशी वादकाने दुसऱ्याचे दुःख हलके करावे ही अपेक्षाच क्रूर आहे. म्हणून संगीतशिक्षक व रसिकांच्या या संमेलनाने असा ठराव मंजूर करावा, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे: हिंगोली जिल्ह्यातील शासकीय रुग्णालये, वृद्धाश्रम आणि आश्रमशाळा येथे दरमहा संगीताचा कार्यक्रम व्हावा, आणि त्यासाठी आपल्या होतकरू विद्यार्थ्यांना ठरलेली बिदागी देण्याची तरतूद आपल्या वर्गणीतूनच आरंभावी. पहिली वर्गणी मी आज येथेच कार्यवाहांकडे जमा करीत आहे.