बुधाची रास आणि मुलाची वाणी

(पालकांसाठीच्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचे संपादित शब्दांकन)



मी ज्योतिषी नव्हे. कला शाखेचा पदवीधर आणि तीस वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत शब्दांशी झटापट करणारा माणूस. तरीही आयोजकांनी हा विषय माझ्याकडे सोपवला, त्याला एक कारण आहे. लेखन, वक्तृत्व, हिशेब, व्यापार या साऱ्यांचा कारक बुध मानला जातो. म्हणजे आम्हा पत्रकारांच्या खात्याचा हा मंत्री. आपल्या मंत्र्याची चौकशी करण्याचा अधिकार मला आहे असे समजून बोलतो.

वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त कालपुरुषाची अंगे ग्रहांना वाटून दिली आहेत. रवी हा आत्मा, चंद्र हे मन, मंगळ हे सत्त्व, बुध ही वाणी. ज्ञान आणि सुख गुरूकडे. ही वाटणी मोठी मार्मिक आहे. जाणणे एकाकडे, वाटणे दुसऱ्याकडे, आणि जाणलेले-वाटलेले शब्दांत आणून दुसऱ्यापर्यंत पोचवणे तिसऱ्याकडे. पुष्कळ जाणणारे पण दोन वाक्ये धड न सांगता येणारे विद्वान आपण पाहतो. जाणत काहीच नाहीत, पण तासभर सभा रंगवतात, असेही पाहतो. त्यांची नावे घेत नाही. निवडणुका येत-जात असतात.

पुराणकथेत बुध हा चंद्राचा पुत्र, आणि त्याची माता तारा ही बृहस्पतीची पत्नी. मन आणि ज्ञान यांच्या ओढाताणीतून वाणी जन्माला आली, असा या कथेचा अर्थ मला लावावासा वाटतो. अर्थ माझा आहे, त्याला शास्त्राधार मागू नये.

आता राशींकडे वळू. मिथुन आणि कन्या ही बुधाची स्वगृहे. त्यांतही कन्येत तो उच्चीचा, पंधराव्या अंशावर परमोच्च. समोरच्या मीन राशीत तो नीचीचा. बारा राशींची बारा फळे दिवाळी अंकांतून आपल्या वाचनात येतातच: मेषेचा बुध उतावळा, वृषभेचा गोड आणि सावकाश, मकरेचा मोजके बोलणारा. ती यादी मी लांबवीत नाही. खरी अडचण कन्या आणि मीन या जोडीत आहे. कन्या ही पृथ्वीतत्त्वाची, निवड-पाखड करणारी रास. तेथे बुद्धीला तपशील सापडतो, जमाखर्च जुळतो. मीन ही गुरूची जलरास. तेथे कडा विरघळतात, दोन आणि दोन चार होण्याऐवजी एखादी कविता होते. म्हणून परंपरेतील जाणते ज्योतिषी मीनेच्या बुधाला व्यवहारात कच्चा पण कल्पनेत समृद्ध म्हणतात. ‘नीच’ हा शब्द येथे ग्रहाच्या बळाचे माप सांगणारा आहे. घराघरांत मात्र तो शिवीसारखा उच्चारला जातो.

मागे एक माता आपल्या मुलीला घेऊन माझ्याकडे आल्या. मुलगी नववीत. शाळेच्या हस्तलिखितात लिहिणारी, परंतु चारचौघांत बोलताना अडखळणारी. तिला पुढे पत्रकारितेचा अभ्यासक्रम करायचा होता. आईंनी पत्रिका दाखवली होती, आणि ‘बुध नीचीचा, वाणीचे क्षेत्र नको’ असा निर्वाळा मिळाला होता. पाचूची अंगठीही सुचवली गेली होती. तिची किंमत ऐकून मला आमच्या उपसंपादकांचे पगार आठवले. हे सारे मुलीच्या देखत सांगितले जात होते. ती खाली मान घालून ओढणीचे टोक पिळीत होती. तिच्या अडखळण्याला आता आकाशातून दुजोरा मिळाला होता. मला हा प्रकार गंभीर वाटतो, आणि आज मी आपल्यासमोर उभा आहे तो त्यासाठी.

थोडे गणित पाहू. बुध सूर्यापासून सुमारे २८ अंशांपलीकडे कधीच जात नाही. त्यामुळे तो सूर्याच्याच राशीत, नाहीतर मागच्या किंवा पुढच्या राशीत असतो. सूर्य-बुध एका राशीत असले की आपण कौतुकाने ‘बुधादित्य योग’ म्हणतो. हा योग जवळजवळ निम्म्या पत्रिकांत निघेल. तसेच, मीनेचा बुध फक्त फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत जन्मलेल्यांनाच मिळू शकतो. २०२५ साली चित्रापक्षीय पंचांगानुसार बुध २७ फेब्रुवारीच्या रात्री मीनेत आला आणि मध्ये वक्री झाल्यामुळे ७ मेपर्यंत तेथेच राहिला. आपल्या देशात वर्षाला सव्वादोन कोटींच्या आसपास बालके जन्मतात. म्हणजे त्या दहा आठवड्यांत चाळीस लाखांहून अधिक मुले नीच बुध घेऊन जन्मली. एवढ्या सगळ्यांना वाणीचे दार बंद करायचे?

२७ फेब्रुवारी ही तारीख ऐकून आपल्यापैकी काहींनी मान हलवली. बरोबर, मराठी भाषा गौरव दिन. तो ज्यांचा जन्मदिन, त्या कुसुमाग्रजांचा जन्म १९१२ चा. त्या दिवशीचा बुध मी गणिताने काढून पाहिला. निरयन मानाने तो कुंभ राशीत, सूर्यापासून जेमतेम तीन-चार अंशांवर. बुध सूर्याच्या चौदा अंशांच्या आत आला की अस्तंगत मानतात. म्हणजे कुसुमाग्रजांचा बुध पुरता अस्तंगत! वाणीचा कारक सूर्यतेजात बुडालेला, आणि त्या माणसाच्या वाढदिवशी महाराष्ट्र आपल्या भाषेचा उत्सव करतो. १९८७ चे ज्ञानपीठ त्यांना मिळाले ते वेगळेच.

पु. ल. देशपांडे ८ नोव्हेंबर १९१९ चे. त्यांचा बुध मंगळाच्या वृश्चिक राशीत. ग्रंथांतरी या बुधाला बोचरी, डंख मारणारी वाणी सांगितलेली असते. पुलंनी कोणाला डंख मारला असेल तर त्या माणसालाही हसू आवरले नसेल. आचार्य अत्रे १३ ऑगस्ट १८९८ चे, बुध सिंहेत. येथे मात्र फळ असे चपखल बसते, की ज्योतिषीबुवा टाळी मागतील. सिंहेचा बुध नाहीतर ‘मराठा’तली ती गर्जना कोणाची? पण एक बसले आणि दोन बसले नाहीत, यातले बसलेले तेवढेच आपण लक्षात ठेवतो. बातमीदारीत आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात की सोयीचा साक्षीदार तेवढा उभा करू नये. तो नियम येथेही लागू व्हावा.

आणखी एक गाठ आहे, आणि ती आपल्या महाराष्ट्राची खास आहे. बुध कोणत्या राशीत, हे मुळात कोणत्या पंचांगावरून ठरवायचे? निरयन राशिचक्राचा आरंभ कोठून धरायचा, यावर आपल्याकडे जुना वाद आहे. लोकमान्यांच्या नावाने चालणारे टिळक पंचांग रैवतपक्षाचे; इतर बहुतेक पंचांगे चित्रापक्षाची. दोहोंत सुमारे चार अंशांचा फरक पडतो. चित्रापक्षाने कन्येच्या अठ्ठाविसाव्या अंशावर असलेला उच्चीचा बुध टिळक पंचांगाने तुळेत जातो. मुलगा तोच, जन्मवेळ तीच, आजोबांचे पंचांग बदलले की उच्चत्व गेले. पाश्चात्त्यांच्या सायन पद्धतीत तर फरक चोवीस अंशांच्या घरात. त्या मानाने कुसुमाग्रजांचा बुध थेट मीनेत, नीच राशीत येतो, आणि अत्र्यांचा कन्येत. १९५२ साली सरकारने डॉ. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली ती अशाच गोंधळामुळे. १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, गोंधळ उरलाच.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा १८९६ चा मराठी ग्रंथ घरोघरी असायला हवा. वेदांगज्योतिषात नक्षत्रे आहेत, मेषादी राशी नाहीत, हे त्या कट्टर अभ्यासकाने स्वच्छ नोंदवले आहे. आकाशाचे गणित आणि माणसाचे फलित या दोन शाखा वेगळ्या ओळखण्याची शिस्त आपल्या परंपरेत होती. गणिताचा अभिमान बाळगावा, त्याने मान उंच होते. फलिताला मात्र परीक्षेला बसवावे. ती परीक्षा आपल्याच राज्यात झाली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर, सुधाकर कुंटे आणि प्रकाश घाटपांडे यांनी शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक वाढ खुंटलेल्या मुलांच्या पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांना प्रत्येकी चाळीस पत्रिका देऊन मूल कोणत्या गटातले ते ओळखायला सांगितले. अचूक उत्तरे ४६ टक्के आली. नाणे उडवले असते तरी पन्नासाच्या आसपास आली असती. या मंडळींच्या इतर मतांशी आपले पटो वा न पटो, पत्रिका खऱ्या होत्या आणि मोजणी उघड होती.

यावर कोणी म्हणेल की परंपरा सोडून द्या. मी ते म्हणत नाही. घरात पत्रिका काढतात, मंगलकार्यात पाहतात, पाहोत. पण शास्त्राचे नाव घ्यायचे तर ते पुरते घ्यावे. नुसत्या बुधावरून वाणी ठरवू नये, असे तेच शास्त्र सांगते. वाणीसाठी द्वितीय स्थान, लेखनासाठी तृतीय, प्रतिभेसाठी पंचम पाहावे लागते. मीनेचा स्वामी गुरू लग्नापासून वा चंद्रापासून केंद्रात असेल, तर नीचभंग होतो. बुध तर ज्याच्या संगतीत बसेल त्याचा गुण घेणारा ग्रह. दहा मिनिटांत, एका ग्रहावरून, मुलाच्या देखत निकाल देणाऱ्याला या नियमांपैकी किती ठाऊक आहेत, हे आईवडिलांनी विचारायला हरकत नाही. नम्रपणे विचारावे, पण विचारावे. आणि मुलाला त्या वेळी बाहेर खेळायला पाठवावे.

त्या मुलीचे काय केले, ते विचारणार आपण. आमच्या कचेरीत नव्या उमेदवाराला जे देतो तेच दिले. सांगितले, तुमच्या गल्लीत पाणी किती वाजता येते, किती वेळ टिकते आणि कोणाला मिळत नाही, ते दोनशे शब्दांत लिहून आण. त्यासाठी तिला सात-आठ घरांची दारे वाजवावी लागली, अनोळखी माणसांशी बोलावे लागले. चार दिवसांनी मजकूर आला. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, शेवटचा परिच्छेद पाल्हाळिक होता. मी तो कापला. पाण्याच्या वेळा मात्र घरागणिक नोंदवलेल्या होत्या, आणि एका आजींचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवलेले होते. मी तिला दुसरा विषय दिला.