पदवीधराची पहिली मुलाखत

वेळणेश्वर हें गुहागर तालुक्यांतील समुद्रकांठचें गांव. शिवमंदिर आणि नारळी-पोफळीच्या बागा यांसाठीं तें पूर्वापार प्रसिद्ध. अलीकडे तेथें इंजिनियरिंगचें महाविद्यालयहि झालें आहे. तेथून पदवी घेऊन निघालेल्या तरुणास पुण्या-मुंबईच्या एखाद्या कंपनीचें बोलावणें येतें, तेव्हां घरच्यांची चार वर्षांची काटकसर त्या अर्ध्या तासावर तोललेली आहे, असें त्यास वाटतें. मग तो तयार प्रश्नोत्तरें पाठ करूं लागतो, आणि आपण खेड्यांतले आहोंत ही गोष्ट झांकण्याची खटपट करतो. हे दोन्ही उद्योग तयारीच्या नांवाखालीं चालतात. वस्तुतः ते तयारीच्या अगदीं उलट होत.

गुणपत्रिका परीक्षकांच्या पुढें असतेच. मिळविलेलें ज्ञान समोरच्या वस्तूस लावतां येतें कीं नाहीं, हें त्यांना पाहावयाचें असतें. या बाबतींत किनाऱ्यावरचा विद्यार्थी मुळींच दरिद्री नाहीं. खिडकीचे गज घाटावरच्यापेक्षां कोंकणांत लौकर गंजतात, हें तेथील लहान मुलासहि ठाऊक असतें. परंतु हवेंतील मिठाचे कण लोखंडावर बसून ओलावा धरून ठेवतात, त्या खाऱ्या ओलाव्यांतून विद्युत्प्रवाह सहज वाहतो, आणि म्हणून गंजण्याची क्रिया जलद होते, हें जो स्वतःच्या घरचा गज दाखवून सांगूं शकेल, त्याचें शिक्षण अंगीं लागलें आहे असें कोणीहि म्हणेल.

दुसरें उदाहरण त्याच तालुक्यांतील अंजनवेलच्या वीजकेंद्राचें. १९९९ सालीं तेथें वीज निघूं लागली आणि २००१ सालीं केंद्र बंद पडलें. तें यंत्र बिघडल्यामुळें नव्हे. विजेचा दर आणि खरेदीचा करार यांवरून तंटा विकोपास गेला म्हणून. पुढें २००५ सालीं नवी कंपनी स्थापन होऊन तें तिच्याकडे आलें. यंत्र उत्तम असूनहि इंधनाचा खर्च आणि गिऱ्हाइकाची ऐपत यांचा मेळ न बसल्यास कारखाना थांबतो, हा धडा ज्यानें घरबसल्या घेतला, त्यानें तो परीक्षकांपासून कां लपवावा?

तेव्हां तयारी करावी ती अशी. शेवटच्या वर्षीं केलेल्या प्रकल्पांतील प्रत्येक आंकडा कोठून आला, हें स्वतःस विचारावें. ज्या कंपनींत जावयाचें ती काय बनविते आणि कोणास विकते, याची माहिती काढावी. उत्तरें प्रथम मराठींत नीट जुळवावीं, मग तींच इंग्रजींत मोठ्यानें बोलून पाहावीं. मनांत स्पष्ट नसलेली गोष्ट कोणत्याच भाषेंत स्पष्ट होत नाहीं. जें ठाऊक नाहीं तें ‘ठाऊक नाहीं’ असें सरळ सांगण्याचाहि सराव ठेवावा. मूळ प्रमाणपत्रें आदल्या दिवशींच क्रमानें लावावीं, आणि चिपळूणची गाडी गांठावयाची असेल तर पावसाळ्यांतील रस्त्याचा हिशेब आधीं धरावा.

इतकें करूनहि नकार येऊं शकतो. याच जिल्ह्यांतील मुरुडचे धोंडो केशव कर्वे सतरा वर्षांचे असतां सरकारी परीक्षेसाठीं सह्याद्रि ओलांडून शंभर मैलांहून अधिक पायीं चालत साताऱ्यास गेले. वय फार लहान दिसतें, म्हणून तेथें त्यांना परीक्षेसच बसूं दिलें नाहीं. तेच कर्वे १८८४ सालीं पदवीधर झाले, १९१६ सालीं त्यांनीं महिला विद्यापीठ स्थापिलें, आणि १९५८ सालीं ते भारतरत्न झाले. साताऱ्याच्या त्या अधिकाऱ्यास समोरचा मुलगा क्षणभरच दिसला होता. मुलाखत घेणाऱ्यांसहि उमेदवार अर्धा तासच दिसतो. त्यांचा निर्णय त्या एका जागेपुरता असतो, हें उमेदवारानें ओळखावें. आणि त्याच्या परतण्याची वाट पाहणाऱ्या आईबापांनीं तर तें अगोदर ओळखावें.