मोडलेली मोटार: ठेवावी की सोडावी?



आपला भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी नावाजलेला. पाण्याच्या गुंडाला पोचा आला तर आपण तो ठोकून घेतो. बूडच फाटले तर मोडीत घालतो. त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मोटारीच्या बाबतीत मात्र आपले मन इतके सरळ चालत नाही.

गेल्या पावसाळ्यात लाखनीहून साकोलीला जाताना माझी गाडी रस्त्याकडेच्या झाडावर आदळली. माणसे वाचली, गाडीचे तोंड चेपले. गाडी वडिलांनी निवृत्तीच्या पैशातून घेतलेली. ते म्हणाले, "काही लागो, दुरुस्त करू."

विमापत्रात गाडीची किंमत होती ४ लाख. दुरुस्तीचा खर्च या किमतीच्या ७५ टक्क्यांवर, म्हणजे ३ लाखांवर गेला, तर गाडी पूर्ण नुकसानीत धरतात. पहिला अंदाज आला २ लाख ८० हजारांचा. आम्हाला हायसे वाटले. पण साध्या विम्यात रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांचे पैसे निम्मेच मिळतात. बाकीचे आपल्या खिशातून जातात. शिवाय वरवर पाहून केलेला अंदाज कच्चाच. म्हणून मी गाडी उघडून पाहायला सांगितले.

उघडल्यावर कळले, सांगाडाच वाकला आहे. अंदाज ३ लाख ४० हजारांवर गेला. दार, दिवा, पत्रा बदलता येतो हो. पण सांगाडा नीट सरळ झाला नाही तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात आणि पुढच्या धडकेत तो आपल्याला वाचवील याचा भरवसा उरत नाही. वडील बराच वेळ गप्प होते. मग एवढेच म्हणाले, "नातवंडं यातच बसणार ना? मग जाऊ दे."

गाडी सोडली तरी आपले काम संपत नाही. मोटार कायम निकामी झाली, तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालकाने १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर नोंदणी कार्यालयाला कळवून नोंदणी रद्द करून घ्यावी लागते. हे टाळले, तर आपल्या गाडीचा क्रमांक उद्या एखाद्या चोरीच्या गाडीवर फिरू शकतो.

तेव्हा आधी सांगाडा पाहा, मग हिशेब मांडा आणि माया शेवटी विचारात घ्या. माया माणसांवर करावी. गाडी दुसरी येते.