बिबट्याच्या मुलखात आपलं स्वागत

ठिकठिकाणांहून आलेल्या वन्यजीव अभ्यासक भगिनींनो आणि माझ्या जुन्नर-आंबेगावकर बंधुभगिनींनो,

शिवनेरीच्या पायथ्याशी आपलं मनापासून स्वागत. आमच्याकडे लेण्याद्री आहे, नाणेघाट आहे, भीमाशंकरचं शेकरू आहे. पण आपल्याला इथे आणलं बिबट्यानं. येडगाव, माणिकडोह, डिंभे ही धरणं झाली, पाणी आलं, ऊस वाढला आणि त्या उसातच बिबट्याची मादी विऊ लागली.

मग बिबटे धरायला पिंजरे लागले. धरलेले बिबटे जंगलात नेऊन सोडले गेले. त्याचा परिणाम डॉ. विद्या अत्रेय यांनी सहकाऱ्यांसह तपासला आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केला. १९९३ ते २००१ या काळात जुन्नर भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे हलवणं सुरू झाल्यावर ते १७ वर गेले. एकूण हल्ल्यांत जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाणही दुप्पट झालं. हे ऐकणं आम्हाला जड गेलं. पिंजरा भरला की गाव सुटकेचा श्वास घेतं. त्या गावाला हा निष्कर्ष सांगायला धैर्य लागतं. २००९ मध्ये अत्रेय यांनी रेडिओ कॉलर लावलेल्या ‘आजोबा’ नावाच्या बिबट्याला माळशेज घाटात सोडलं, तर तो सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. नेऊन सोडलं म्हणून जनावर तिथेच राहत नाही, हे त्यानं दाखवून दिलं.

शार्कवर काम करणाऱ्या भगिनीही आज आल्या आहेत, याचा विशेष आनंद आहे. युजीनी क्लार्क यांनी १९५५ मध्ये फ्लोरिडात प्रयोगशाळा उभारली आणि शार्क शिकवलेलं शिकतो, हे प्रयोगानं सिद्ध केलं. लोक ज्याला नुसता जबडा समजत होते, त्याच्या वागण्याकडे त्यांनी पाहिलं. आमच्या उसातही तेच काम चालू आहे.

मात्र एक हक्काचं मागणं आहे. पहाटे गवताला जाणारी बाई, फडाच्या कडेला लेकरू निजवून कोयता चालवणारी ऊसतोड मजूर, यांचं मरण आमच्या घरातलं आहे. आज पुन्हा ‘बिबटे उचला’ अशी मागणी होते, ती या दुःखातून. म्हणून तुमचे निष्कर्ष मराठीत, ग्रामसभेत येऊन सांगा. आमचे प्रश्न तुमच्या अभ्यासात घ्या.

आजचं पहिलं सत्र गवताला आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बायांचं आहे. पुढच्या रांगा त्यांच्यासाठी राखल्या आहेत. पाहुण्यांनी कृपया मागे बसावं.